गोळी नोंदणीच्या दिवशी नको, त्याआधी हवी: प्रसूतिपूर्व सेवेचे वेळापत्रक आखणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

प्रसूतिपूर्व तपासणीचे वेळापत्रक, गोळ्या कोणाला आणि कधी द्यायच्या याचे निकष, तपासणीच्या कार्डावरचे रकाने, हे सगळे आपण ठरवता. त्यातली एक ओळ बदलावी यासाठी हे पत्र आहे. फॉलिक अ‍ॅसिड ‘गर्भधारणा निश्चित झाल्यावर, पहिल्या भेटीत’ सुरू करावे असे जिथे जिथे लिहिले आहे, तिथे न्यूरल ट्यूबचे, म्हणजे भ्रूणात ज्या नळीपासून मेंदू आणि मेरुरज्जू होतात तिचे, दोष टाळण्याच्या कामी ती ओळ जवळपास निरुपयोगी आहे. रक्तक्षय टाळायला ती गोळी पुढचे सगळे महिने उपयोगी पडते, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या दोषांचे नाव घेऊन ती हातात ठेवली जाते, ते त्या दिवसापर्यंत एकतर झालेले असतात किंवा टळलेले असतात.

हिशेब अवघड नाही. तो चुकतो, कारण दोन मोजण्या वेगवेगळ्या आहेत. दवाखान्यात आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भविज्ञानात दिवस फलनापासून मोजतात. २८ दिवसांच्या चक्रात या दोहोंत साधारण १४ दिवसांचा फरक पडतो. न्यूरल ट्यूबचे शेवटचे तोंड फलनानंतर २८व्या दिवसाच्या आसपास मिटते. पाळीच्या हिशेबाने तेव्हा सहा आठवडे पुरे होत असतात, आणि पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. डोक्याकडचे तोंड त्याहून आधी, २५व्या दिवसाच्या सुमारास मिटते. पाळी चुकल्याला तेव्हा अकराच दिवस झालेले असतात. आता जिने चाचणी करायला आठवडाभर वाट पाहिली, जिला तपासणीची तारीख त्यापुढच्या आठवड्यातली मिळाली, तिच्या पोटात पहिली गोळी कधी जाते ते मोजून पाहा. आठव्या आठवड्यातली नोंदणी आपल्या अहवालात ‘लवकर नोंदणी’ म्हणून दिसते आणि तिचे कौतुकही होते. नळीच्या हिशेबाने ती दोन आठवडे उशिराची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींत पहिली भेट १२ आठवड्यांच्या आत व्हावी असे आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, संसर्गाच्या तपासण्या यांसाठी ती मर्यादा रास्त आहे. फॉलिक अ‍ॅसिडबाबत मात्र तीच संघटना सांगते की गर्भधारणेचा प्रयत्न सुरू केल्यापासून ते घ्यावे. या दोन शिफारशी एकाच भेटीत कोंबल्या की दुसरी वाया जाते.

त्या चार आठवड्यांत नेमके काय घडते ते थोडे तपशिलात सांगतो, कारण कोणता दोष गोळीने टळू शकतो आणि कोणता नाही याचे उत्तर तिथेच आहे.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला भ्रूण ही दोन थरांची चपटी चकती असते. तिच्या मागच्या टोकाला प्रिमिटिव्ह स्ट्रीक ही रेघ उमटते, पेशी तिच्यातून आत उतरतात आणि चकती तीन थरांची होते. मध्यरेषेवर नोटोकॉर्ड हा पेशींचा दांडा तयार होतो. त्याच्या वरच्या बाह्यस्तरातल्या पेशी उंच होतात आणि १८व्या-१९व्या दिवशी एक जाडसर पट्टी दिसू लागते. ही न्यूरल प्लेट. सुरुवातीला ती आखूड आणि रुंद असते. मग तिच्यातल्या पेशी मध्यरेषेकडे सरकत एकमेकींच्या मध्ये घुसतात आणि पट्टी अरुंद व लांब होत जाते. कोणत्या दिशेला सरकायचे हे पेशींना प्लेनर सेल पोलॅरिटी नावाच्या यंत्रणेमुळे कळते. तिच्यातले व्हँगल-२ किंवा सेल्सर-१ हे जनुक उंदरात बिघडले, तर पट्टी रुंदच राहते, आणि दोन्ही कडा उभ्या राहिल्या तरी एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. मग मेंदूपासून पाठीच्या तळापर्यंत सारी नळी उघडी राहते. या प्रकाराला क्रेनिओरॅकिस्किसिस म्हणतात आणि त्यात बाळ जगत नाही.

पट्टी अरुंद झाली की वाकू लागते. मध्यरेषेवर, नोटोकॉर्डच्या अगदी वर, पेशींचा माथा अरुंद आणि बूड रुंद होते. अशा पाचरीच्या आकाराच्या पेशींमुळे तिथे घडी पडते. पुढे दोन्ही कडांजवळ आणखी एकेक घडी पडते आणि उभ्या झालेल्या कडा आत झुकतात. नोटोकॉर्डमधून येणारा सॉनिक हेजहॉग हा संकेत मधली घडी पाडायला लावतो आणि बाजूच्या घड्या रोखतो. म्हणून पाठीच्या वरच्या भागात मुख्यतः मधल्या घडीवर काम भागते, आणि खाली हा संकेत क्षीण होत जातो तसा बाजूच्या घड्यांचा वाटा वाढतो. सर्वांत नाजूक भाग डोक्याकडचा. तिथल्या कडा आधी बाहेरच्या बाजूला फुगतात आणि मग त्यांना उलट आत वळावे लागते. त्यासाठी पेशींच्या माथ्याशी असलेला अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांचा पट्टा आवळला जायला हवा, पेशींची संख्या वेळेत वाढायला हवी, आणि पेशींचे मरणे प्रमाणात राहायला हवे. उंदरात न्यूरल ट्यूब उघडी राहण्यास कारण ठरणारी २०० हून अधिक जनुके ठाऊक आहेत आणि त्यांतली बहुतेक डोक्याकडचे मीलन बिघडवतात. एवढ्या गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात म्हटल्यावर याचे नवल वाटू नये.

२२व्या दिवसाच्या सुमारास दोन्ही कडा पहिल्यांदा भेटतात. ही जागा मेंदूचा मागचा भाग आणि मेरुरज्जू यांच्या सीमेवर, चौथ्या-पाचव्या सोमाइटच्या (मध्यस्तराच्या जोडीजोडीने पडणाऱ्या खंडाच्या) पातळीला असते. काठावरच्या पेशी बोटांसारखे, पडद्यांसारखे बारीक फुटवे पलीकडच्या काठाकडे टाकतात. ते एकमेकांत अडकतात, काठ जवळ ओढले जातात, मग बाहेरचा थर बाहेरच्या थराशी आणि आतला आतल्याशी सांधला जातो. नळी त्वचेपासून सुटी होते आणि मधल्या फटीत मध्यस्तराच्या पेशी शिरतात. मणक्यांच्या मागच्या कमानी याच पेशींपासून पुढे होतात. म्हणजे मणक्याची उघडी कमान हे या दोषाचे कारण नसून त्याचा परिणाम आहे. नळीच मिटली नसेल तर कमान बांधणाऱ्या पेशींना पाठीवरून पलीकडे जायला वाट उरत नाही.

सुटे होण्याची वेळ चुकली तरी दोष निर्माण होतात, फक्त वेगळे. त्वचा वेळेआधी सुटली, तर नळीच्या आतल्या बाजूला मध्यस्तराच्या पेशी शिरतात आणि तिथे चरबी तयार होते, हा लायपोमायलोमेनिंगोसील. एखाद्या ठिकाणी त्वचा सुटलीच नाही, तर पाठीच्या मध्यरेषेवर बारीक छिद्र आणि त्यातून आत जाणारी नळी राहते. ती मेरुरज्जूच्या आवरणापर्यंत पोचत असेल तर वारंवार मेंदूज्वर होतो. कमरेच्या खालचा, साधारण दुसऱ्या त्रिकास्थी मणक्यापासून पुढचा मेरुरज्जू तर कडा मिटून होतच नाही. तिथे पेशींचा भरीव दांडा आधी तयार होतो आणि मग तो आतून पोकळ होतो. तिथले दोष त्वचेखाली झाकलेले असतात. या झाकलेल्या दोषांना फॉलिक अ‍ॅसिडने आळा बसतो असा ठोस पुरावा नाही, आणि गोळीचे श्रेय वाढवून सांगण्याची गरजही नाही.

उघड्या दोषांत कोणते तोंड मिटले नाही यावर सगळे ठरते. डोक्याकडचे तोंड उघडे राहिले तर अ‍ॅनेनसेफली. मेंदूची ऊती सुरुवातीला वाढतेही, पण कवटीविना गर्भजलात उघडी पडून झिजत जाते. असे बाळ मृत जन्मते किंवा जन्मानंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत दगावते. पाठीकडचे तोंड उघडे राहिले तर मायलोमेनिंगोसील, म्हणजे उघडा स्पायना बायफिडा. जन्मलेल्या बाळाच्या कमरेवर मधोमध लालसर, ओलसर, सपाट चकती दिसते. तिच्या मध्यावरून एक उभी खाच गेलेली असते, आणि भोवती पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा असतो, जो कडेला निरोगी त्वचेत मिसळतो. ती चकती म्हणजे न मिटलेली न्यूरल प्लेट आणि ती खाच म्हणजे नळीची आतली बाजू. खाचेच्या वरच्या टोकाशी मेरुरज्जूची मध्यनलिका उघडते आणि तिथून मेंदू-मेरुद्रव झिरपत राहतो.

या झिरपण्यानेच पुढचा अनर्थ होतो. द्रव खालून निसटत असल्याने मेंदूच्या पोकळ्या फुगत नाहीत, कवटीचा मागचा कप्पा लहान राहतो, आणि वाढणाऱ्या लहान मेंदूचा भाग मानेच्या पोकळीत खाली सरकतो. याला कियारी-२ म्हणतात. त्यातून द्रवाची वाट अडते आणि बहुतेक बाळांच्या डोक्यात पाणी साठते. दुसरीकडे, उघडी चकती महिनोन्महिने गर्भजलात राहते, गर्भाशयाच्या भिंतीवर घासते आणि तिच्यातल्या चेतापेशी मरत जातात. पायांचे बळ आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो तो अंशतः या दुसऱ्या इजेमुळे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉम्स चाचणीने हे माणसात दाखवून दिले. २६ आठवड्यांच्या आत गर्भाशयातच पाठ शिवलेल्या बाळांपैकी वर्षाच्या आत शंट (डोक्यातले पाणी बाहेर वळवणारी नळी) ४० टक्क्यांना बसवावा लागला, जन्मानंतर शिवलेल्यांत तो ८२ टक्क्यांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराविना चालणारी मुले पहिल्या गटात ४२ टक्के होती, दुसऱ्यात २१. किंमतही होती: मुदतपूर्व प्रसूती वाढल्या आणि गर्भाशयाचा व्रण पातळ राहिला. ही शस्त्रक्रिया दुसऱ्या इजेला आवर घालते. पहिली इजा २८व्या दिवशी झालेली असते आणि तिच्यावर शल्यविशारदाचा काही इलाज चालत नाही.

आता फॉलिक अ‍ॅसिड. मिटणाऱ्या कडांच्या पेशी अतिशय वेगाने दुभागत असतात. प्रत्येक दुभागणीला नवा डीएनए लागतो, आणि त्याच्या थायमिन व प्युरिन या घटकांच्या जुळणीसाठी एक-कार्बनी गट पुरवण्याचे काम फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचे शरीरातले रूप) करते. तोच एक-कार्बनी गट ब-१२ च्या मदतीने मेथिओनिन बनवतो, आणि त्यापासून मिळणारे मिथाइल गट जनुके चालू-बंद करण्यासाठी व प्रथिनांत बदल करण्यासाठी खर्ची पडतात. पुरवठा तोकडा पडला तर पेशी वेळेत पुरेशा होत नाहीत आणि कडा भेटण्याची वेळ टळून जाते. मात्र ही उणीव बहुतेक वेळा आईच्या रक्तात ठळक दिसत नाही. अनेक बाधित गर्भांच्या मातांची फोलेटची पातळी ‘सामान्य’ कक्षेत असते. रक्तक्षय टाळायला जेवढे फोलेट पुरते, तेवढे नळी मिटायला पुरेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये यासाठी वेगळी मर्यादा सांगितली: प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या लाल पेशींतले फोलेट लिटरमागे ९०६ नॅनोमोलच्या वर असावे. रक्तक्षयाच्या कसोटीहून ही रेघ बरीच वर आहे.

उशिराच्या गोळीचा प्रश्नही याच लाल पेशींत अडकलेला आहे. फोलेट लाल पेशीत शिरते ते ती अस्थिमज्जेत घडत असताना, रक्तात आल्यावर नाही. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमने शरीरातला साठा वर चढायला दोन-तीन महिने लागतात. पाळी चुकल्याच्या दिवशीच गोळी सुरू केली तरी हातात चौदा दिवस उरतात. तेवढ्यात रक्तद्रवातली पातळी वाढते, साठा वाढत नाही. ‘उशीर झाला तरी काहीतरी फायदा’ हे समाधान म्हणूनच अर्धवट आहे.

पुरावा काय आहे हे आपल्याला ठाऊक असणार, तरी आकडे एकत्र मांडतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. सात देशांतल्या ३३ केंद्रांत, आधीचे मूल न्यूरल ट्यूबच्या दोषाचे असलेल्या १,८१७ स्त्रियांवर ती झाली. गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिल्याने पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. १९९२ मध्ये हंगेरीतल्या चाचणीने, ०.८ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळीने, पहिल्या वेळचे दोषही टळतात हे दाखवले. १९९९ मध्ये चीनमधला मोठा अभ्यास आला, तो नुसत्या ४०० मायक्रोग्रॅमवर. दोषांचे प्रमाण जास्त असलेल्या उत्तर भागात ते ७९ टक्क्यांनी आणि मुळात कमी असलेल्या दक्षिण भागात ४१ टक्क्यांनी घटले. या शेवटच्या फरकाकडे जरूर पाहा. फोलेटने टळणारे दोष टळले की एक तळ उरतो, आणि तो दुप्पट गोळ्यांनी खाली जात नाही. त्या तळात जनुकीय कारणे आहेत, मधुमेह आहे, औषधे आहेत. या तिन्ही अभ्यासांत गोळी गर्भधारणेआधी सुरू झालेली होती, हे वेगळे सांगायला नको. तरीही नोंदणीनंतरच्या वाटपाच्या समर्थनासाठी हेच अभ्यास उद्धृत केलेले दिसतात.

तेव्हा बदल काय हवा? गोळी पाठवण्याची जागा बदला. स्त्री गर्भधारणेआधी आरोग्य यंत्रणेला भेटते त्या जागा ठरलेल्या आहेत: तांबी काढायला येते, गर्भनिरोधक गोळ्या थांबवायचे विचारते, विवाहपूर्व सल्ल्याला येते, वंध्यत्वाच्या तपासणीला येते, आधीच्या बाळाच्या लसीकरणाला येते. तांबी काढण्याच्या नोंदीत ‘फॉलिक अ‍ॅसिड सुरू केले का’ हा एक रकाना घातला तरी पुष्कळ साधेल. गर्भपात किंवा मृतजन्मानंतर घरी जाणाऱ्या स्त्रीच्या कागदावर तो रकाना सर्वांत निकडीचा, कारण पुढची गर्भधारणा बऱ्याचदा काही महिन्यांतच होते. नियोजन न करता झालेल्या गर्भधारणा कुठेही थोड्याथोडक्या नसतात, म्हणून सगळा भार ‘नियोजन करणाऱ्या’ स्त्रियांवर टाकून चालणार नाही. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि २,८०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड द्यावे ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रक्तक्षय जास्त असलेल्या भागांसाठी आहे. त्या गोळीतली फॉलिक अ‍ॅसिडची मात्रा ठरवताना नळीचा विचार झालेला आहे. खरेदीच्या निविदेत जुनी, कमी मात्रेची गोळी लिहिली गेली तर तो विचार तिथेच संपतो. हा तपशील कारकुनी वाटेल, पण चुका तिथेच होतात.

मात्रेबाबत गोंधळ भरपूर आहे. सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते, गर्भधारणेआधी किमान दोन-तीन महिने आणि पुढे १२ आठवड्यांपर्यंत. आधीचे मूल किंवा गर्भ बाधित असेल, तर पुनरावृत्तीचा धोका २ ते ५ टक्क्यांच्या घरात जातो. अशा स्त्रीला ४ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट मात्रा लागते, तीही गर्भधारणेआधीपासून. जिथे ४ मिलिग्रॅमची गोळी मिळत नाही तिथे ५ मिलिग्रॅमची देतात. ही मात्रा बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या जास्त घेऊन गाठायची नाही. त्यांत अ जीवनसत्त्व असते आणि त्याचा अतिरेक भ्रूणाला घातक ठरतो. उलट बाजूने, सहज मिळते म्हणून सरसकट सगळ्यांना ५ मिलिग्रॅम देण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. रोज एक मिलिग्रॅमच्या वर फॉलिक अ‍ॅसिड गेले की ब-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची इजा मुकाट्याने पुढे जात राहते. शिवाय ब-१२ ची कमतरता हा न्यूरल ट्यूबच्या दोषाचा स्वतंत्र धोका आहे, कारण ब-१२ नसेल तर फोलेट एका न वापरता येणाऱ्या रूपात अडकून पडते. जिच्या आहारात प्राणिज पदार्थ जवळपास नाहीत, तिची ब-१२ ची पातळी तपासल्याशिवाय नुसते फॉलिक अ‍ॅसिड वाढवत जाण्यात अर्थ नाही.

ज्या स्त्रियांना गोळी पुरी पडत नाही, त्यांना शोधायची जागा प्रसूतिविभाग नव्हे. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे औषध घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भात स्पायना बायफिडाचा धोका १ ते २ टक्के असतो आणि फॉलिक अ‍ॅसिडने तो भरवशाने कमी होत नाही. औषध बदलायचे असेल तर ते गर्भधारणेआधी, मेंदूविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. नोंदणीच्या दिवशी घाबरून ते अचानक थांबवले तर नळीला फायदा काही नाही, आणि झटक्यांनी आईचा जीव धोक्यात येतो. अपस्मारावरच्याच कार्बामाझेपिनचा धोका यापेक्षा कमी, पण आहे. संधिवातात दिले जाणारे मेथोट्रेक्सेट फोलेटच्या चक्रालाच अडवते. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीत वाढलेली साखर नळी मिटवणाऱ्या पॅक्स-३ या जनुकाचे काम दाबते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. अशा स्त्रीसाठी गर्भधारणेआधी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी) साडेसहा टक्क्यांच्या खाली आणणे गोळीइतकेच मोलाचे. स्थूलपणाने धोका साधारण दुपटीच्या घरात जातो. पहिल्या आठवड्यांतला तीव्र ताप आणि गरम पाण्याच्या टबात किंवा सौनात फार वेळ बसणे, हेही धोक्याच्या यादीत आहे. तेव्हा अपस्मार, मधुमेह आणि संधिवात यांच्या बाह्यरुग्ण विभागांत प्रजननक्षम वयातल्या प्रत्येक स्त्रीला ‘पुढच्या वर्षभरात मूल हवे आहे का’ हा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर केसपेपरवर लिहिले जावे.

गोळ्यांच्या पलीकडचा उपाय पीठ आहे. अमेरिकेत जानेवारी १९९८ पासून धान्याच्या पिठात १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड मिसळणे सक्तीचे झाले. कॅनडाने त्याच वर्षी आणि चिलीने २००० मध्ये हेच केले, आणि तिन्ही ठिकाणी दोष घटले. अमेरिकेत दरवर्षी सुमारे १,३०० बाळे या दोषाविना जन्मू लागली. पिठाचा गुण हा की ते पाळी चुकण्याची वाट पाहत नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अन्नसमृद्धीवरचा जो ठराव केला, त्याच्या नावातच स्पायना बायफिडा आहे. ज्यांनी हा निर्णय अजून घेतलेला नाही, त्यांनी गिरण्यांतली मिसळणीची अचूकता, साठवणीत उतरणारी मात्रा आणि नमुना-तपासणी हे तिन्ही सुरुवातीलाच नियमात बांधावे. पीठ समृद्ध झाले म्हणून ४ मिलिग्रॅमची गरज असलेल्या स्त्रीची गोळी बंद होऊ नये, हेही त्याच आदेशात लिहावे.

तपासणीबद्दल थोडक्यात. अ‍ॅनेनसेफली ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसायला हवी. उघडा स्पायना बायफिडा १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत आधी डोक्यात सापडतो: कवटीच्या पुढच्या कडा आत दबलेल्या आणि लहान मेंदू वाकून मागे चिकटलेला. पाठीवरची फट नंतर शोधली जाते. म्हणून अहवालाच्या छापील नमुन्यात ‘पाठीचा कणा सामान्य’ या एका ओळीऐवजी लहान मेंदूचा आकार, मागच्या कप्प्यातली द्रवाची जागा आणि कण्याचे आडवे छेद असे वेगवेगळे रकाने हवेत. आईच्या रक्तातली अल्फा-फीटोप्रोटीन या गर्भातल्या प्रथिनाची तपासणी १६ ते १८ आठवड्यांत सर्वांत भरवशाची, पण आठवडे चुकीचे मोजले असतील, जुळी असतील किंवा आईचे वजन आणि मधुमेह यांची दुरुस्ती केली नसेल तर ती दिशाभूल करते. त्वचेने झाकलेल्या दोषांत या प्रथिनाची पातळी वाढतच नाही.

निदान झालेल्या बाळाची प्रसूती जिथे बाल-न्यूरोसर्जरीची सोय आहे तिथे व्हावी. अचानक जन्मलेच तर काय करायचे हा कागद प्रत्येक प्रसूतिकक्षात हवा. पाठीवरच्या उघड्या भागावर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात भिजवलेले गॉज, त्यावर प्लास्टिकचे आवरण, गॉज कोरडे पडू द्यायचे नाही. बाळ पोटावर किंवा कुशीवर, पाठीवर कधीच नाही. आयोडिनचे द्रावण उघड्या ऊतीवर ओतायचे नाही. पहिल्या क्षणापासून लॅटेक्सचे हातमोजे किंवा नळ्या वापरायच्या नाहीत, कारण या मुलांत लॅटेक्सची अ‍ॅलर्जी फार होते. डोक्याचा घेर रोज मोजायचा. पाठ शिवायची ती ७२ तासांच्या आत, शक्य तर त्याआधी. उशीर झाला की संसर्गाचा धोका वाढतो. आणि लघवीकडे पहिल्या आठवड्यातच लक्ष द्यायचे, कारण पुढे किडनी निकामी होते ती तुंबलेल्या मूत्राशयामुळे, आणि वेळच्या वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवल्याने हे टाळता येते.

शेवटची मागणी नोंदवहीची. आपल्याकडे येणारे आकडे जिवंत जन्मलेल्या बाळांचे असतात. अ‍ॅनेनसेफलीची बहुतेक बाळे जिवंत जन्मतच नाहीत, आणि सोनोग्राफी सुधारते तसे अनेक गर्भ त्याआधीच काढले जातात. त्यामुळे सोनोग्राफी वाढली की दोष ‘कमी झाले’ असे कागदावर दिसते, आणि त्याचे श्रेय वाटपाला दिले जाते. नोंदीत जिवंत जन्म, २० आठवड्यांनंतरचे मृतजन्म आणि दोषामुळे केलेले गर्भपात हे तीन आकडे वेगळे हवेत. दोष उघडा की झाकलेला आणि कणा कोणत्या पातळीला उघडा हे लिहिले जावे. आईने फॉलिक अ‍ॅसिड कोणत्या तारखेला सुरू केले ती तारीख शेवटच्या पाळीच्या तारखेशेजारीच लिहिली जावी. हे दोन रकाने शेजारी आले की आजच्या वाटपातल्या किती गोळ्या सहाव्या आठवड्याच्या आधी पोचतात हे आपल्याच कागदपत्रांतून कळेल. सुधारित कार्डाचा मसुदा आणि रकान्यांच्या सूचना करून द्यायला आम्ही तयार आहोत. पुढच्या छपाईआधी त्यासाठी वेळ द्यावा, ही विनंती.

आपले,
गर्भविज्ञान, प्रसूतिशास्त्र, नवजात शिशुसेवा आणि बाल-न्यूरोसर्जरी या विषयांत शिकवणारे व काम करणारे